गॉटलंड : मोडीत काढलेली पलटण

युरोप पुन्हा शस्त्रं जमवतोय अशा बातम्या रोज येतायत. आपली चर्चा ट्रम्प आणि पुतिन यांच्यावरच संपते. मला विचाराल तर हा सगळा इतिहास एका बेटावर वाचता येतो.

बाल्टिक समुद्राच्या मधोमध स्वीडनचं गॉटलंड बेट आहे. लोकसंख्या साधारण ६० हजार. रशियाचं कालिनिनग्राद तिथून सुमारे ३०० किलोमीटर. हे बेट ज्याच्या हाती, त्याचा त्या समुद्रावर वचक. १८०८ साली बेटावर नियमित सैन्य नव्हतं, तेव्हा रशियन फौज लढाईशिवाय उतरली होती. स्वीडिश आरमार आलं तेव्हा कुठे ती महिनाभरात माघारी गेली.

सोव्हिएत संघ कोसळला आणि स्वीडनला वाटलं, आता कसला शत्रू? २००५ मध्ये गॉटलंडची रेजिमेंट बरखास्त झाली. २०१० मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबली. पैसा वाचला. त्या काळात हे शहाणपणाचंच वाटलं, कारण १८१४ नंतर हा देश कुणाशी युद्ध लढलाच नव्हता.

मग २०१२ च्या अखेरीस सरसेनापती स्वेर्कर गोरान्सन यांनी जाहीर सांगून टाकलं की, एकाच ठिकाणी हल्ला झाला तर आपण आठवडाभर तग धरू. तीनच महिन्यांनी, २०१३ च्या गुड फ्रायडेला, मध्यरात्रीनंतर रशियन बॉम्बर गॉटलंडजवळ येऊन हल्ल्याचा सराव करून गेले. स्वीडनचं एकही लढाऊ विमान उडालं नाही. उडाली ती डेन्मार्कची, लिथुआनियात नाटोच्या ड्युटीवर असलेली!

पुढच्या वर्षी रशियाने क्रिमिया घेतला आणि धावपळ सुरू झाली. २०१६ ला सैनिक बेटावर परतले. २०१७ ला सक्तीची सेवा परत आणायचं ठरलं, या वेळी मुलींनाही. २०१८ ला रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. मार्च २०२४ मध्ये दोनशे वर्षांची अलिप्तता सोडून स्वीडन नाटोत गेला. २०२५ मध्ये संरक्षणासाठी ३० हजार कोटी क्रोनरपर्यंत कर्ज काढायला संसदेतले पक्ष एकत्र आले.

मला शस्त्रांचं कौतुक नाही. हे कर्ज आज शाळेत जाणारी पोरंच फेडणार आहेत. पण पलटण मोडायला एक ठराव पुरतो. ती उभी करायला मात्र बराकी, अधिकारी, शिकवणारे हवालदार लागतात, आणि ही माणसं बाजारात विकत मिळत नाहीत. युरोप आज पैसे मोजतोय ते तोफांचे, पण त्याला खरी टंचाई आहे ती गेलेल्या वर्षांची.