हेवी मेटलचे चाहते आणि कॅमेरा : माहितीपट हे इतिहासाचे साधन

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, इतिहासाची साधने सांगा म्हटले की तुम्ही शिलालेख, ताम्रपट, नाणी, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे अशी नावे भराभर सांगता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा अभ्यास करताना या यादीत माहितीपटाची भर घालावी लागते. मात्र माहितीपट हाताळताना एक चूक सहज होते. पडद्यावर माणसे स्वतः बोलताना दिसतात, म्हणून ते सारे जसेच्या तसे खरे आहे असे आपल्याला वाटते. कॅमेरा कोणी धरला, कोणाला बोलू दिले आणि काय कापून टाकले, हे प्रश्न मागे राहतात.

हे प्रश्न कसे विचारायचे ते या पाठात आपण एका उदाहरणातून पाहू. उदाहरण आहे हेवी मेटल संगीत आणि त्याचे चाहते यांवरील माहितीपटांचे, विशेषतः २००५ साली आलेल्या ‘मेटल : अ हेडबॅंगर्स जर्नी’ या कॅनडातील माहितीपटाचे. हे संगीत तुम्हाला आवडत नसेल, कदाचित तुम्ही ते ऐकलेही नसेल. त्याने काही अडत नाही. समाज ज्यांना आधीच ‘बिघडलेले’ ठरवून मोकळा झाला आहे, अशा लोकांचा इतिहास कसा लिहायचा, हा या पाठाचा खरा विषय आहे.

१. पार्श्वभूमी : कारखान्यांच्या शहरातले संगीत

हेवी मेटलची सुरुवात नेमकी कोठून धरायची याबद्दल मतभेद आहेत. तरी बहुतेक अभ्यासक इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर आणि तेथील ‘ब्लॅक सॅबथ’ हा वाद्यवृंद यांच्यापाशी येऊन थांबतात. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाला. हे चौघेही ॲस्टन या कामगारवस्तीच्या भागातले तरुण होते.

त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तेथील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. या संगीताचा जड, खर्जातला आवाज घडण्यात या तडजोडीचा मोठा वाटा आहे. यंत्रावर काम करणाऱ्या एका मुलाची दुखापत संगीताच्या इतिहासात अशी उतरली. सामाजिक इतिहास आणि कलेचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

२. नैतिक घबराट : १९८५ ची सुनावणी

१९८० च्या दशकात हे संगीत अमेरिकेतील उपनगरांत पोहोचले आणि पालकवर्गात भीती पसरली. एखाद्या गटाकडे समाजाने ‘आपल्या मूल्यांवरचे संकट’ म्हणून पाहायला सुरुवात करणे आणि धोका प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा दिसू लागणे, याला समाजशास्त्रात ‘नैतिक घबराट’ म्हणतात.

१९८५ मध्ये टिपर गोर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी पालकांची एक संघटना स्थापन केली. आक्षेपार्ह वाटणाऱ्या पंधरा गाण्यांची यादीही त्यांनी काढली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. ‘ट्विस्टेड सिस्टर’चा गायक डी स्नायडर तेथे लांब केस आणि बिनबाह्यांचे डेनिम जाकीट अशा वेशात आला. ज्या गाण्यात लैंगिक क्रौर्य दिसते असा आरोप होता, ते गाणे आपल्या सहकाऱ्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर असल्याचे त्याने शांतपणे सांगितले. ऐकणाऱ्याला त्यात जे दिसले ते त्याच्या स्वतःच्या मनातले होते, असा त्याचा युक्तिवाद होता. तरीही त्याच वर्षी ध्वनिमुद्रण कंपन्यांनी पालकांसाठी सूचना देणारी चिठ्ठी वेष्टणावर लावण्याचे मान्य केले.

सुनावणीची ही कागदपत्रे प्राथमिक साधन आहेत. त्यांत संघटना बोलते, सिनेटर बोलतात आणि कलाकारही बोलतात. ज्यांच्या काळजीपोटी हे सारे चालले होते, त्या ऐकणाऱ्या मुलामुलींचा आवाज मात्र त्यांत जवळजवळ नाही. ही पोकळी पुढच्या माहितीपटांनी कशी भरली, ते आता पाहू.

३. बाहेरून धरलेला कॅमेरा : दोन उदाहरणे

पहिले उदाहरण १९८६ चे आहे. ३१ मे रोजी मेरीलँड राज्यातील लँडोव्हर येथे ‘जुडास प्रीस्ट’ची मैफल होती. जेफ क्रुलिक आणि जॉन हेन हे दोन तरुण उसना व्हिडिओ कॅमेरा घेऊन सभागृहाबाहेरच्या वाहनतळावर फिरले. त्यातून ‘हेवी मेटल पार्किंग लॉट’ हा सतरा मिनिटांहूनही लहान माहितीपट तयार झाला. निवेदन नाही, तज्ज्ञ नाहीत, निष्कर्षही नाही. मद्याच्या अमलाखालची, आरडाओरडा करणारी, हसणारी पोरे तेवढी दिसतात. व्हिडिओ कॅसेटच्या प्रतींवरून प्रती निघत तो देशभर पसरला. कपडे, गाड्या, बोलण्याची ढब, मैत्री असा त्या पिढीचा तपशील त्यात इतका भरलेला आहे की इतिहासकाराला तो खजिनाच वाटावा. पण हेही ध्यानात ठेवा : पाहणारे बहुतेक वेळा या मुलांबरोबर हसत नाहीत, त्यांना हसतात. कॅमेऱ्याने त्यांना विचार करून बोलण्याची संधीच दिलेली नाही.

दुसरे उदाहरण हसण्यासारखे नाही. मे १९९३ मध्ये आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. संशय तीन किशोरवयीन तरुणांवर आला. त्यांच्याविरुद्ध ठोस भौतिक पुरावा फारच तोकडा होता. खटल्यात सैतानपूजेची चर्चा झाली. काळे कपडे, वाचनातली पुस्तके आणि हेवी मेटलची आवड यांना पुराव्याचे वजन आले. १९९४ मध्ये तिघेही दोषी ठरले. त्यांपैकी डेमियन एकोल्स याला मृत्युदंड झाला, तर इतर दोघांना जन्मठेप.

जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांनी या खटल्यावर केलेला ‘पॅराडाइज लॉस्ट’ हा माहितीपट १९९६ मध्ये आला. त्यात ‘मेटालिका’चे संगीत त्या वाद्यवृंदाच्या परवानगीने वापरले होते. तो पाहून अनेकांना तपासाविषयी शंका आली, तिघांच्या बाजूने मोहीम उभी राहिली आणि पुढे आणखी दोन भाग निघाले. १९ ऑगस्ट २०११ रोजी तिघांची सुटका झाली. मात्र त्यासाठी त्यांना एक विचित्र कायदेशीर वाट स्वीकारावी लागली : निर्दोष असल्याचा दावा कायम ठेवून दोष कबूल करणे. तोवर अठरा वर्षे तुरुंगात गेली होती.

आता मागच्या विभागातील नैतिक घबराटीकडे पुन्हा पाहा. ‘हे संगीत ऐकणारी मुले कशीही असू शकतात’ ही समजूत सिनेटच्या सभागृहात निव्वळ चर्चा होती. न्यायालयात तीच समजूत माणसाचे आयुष्य घेऊ शकत होती. चाहत्यांचे चित्रण कोण करतो आणि कसे करतो, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

४. आतून धरलेला कॅमेरा : ‘मेटल : अ हेडबॅंगर्स जर्नी’

सॅम डन हा कॅनडातील तरुण मानववंशशास्त्राचा विद्यार्थी होता. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्याने ग्वाटेमालातील निर्वासितांवर काम केले होते. त्याच वेळी तो लहानपणापासून हेवी मेटलचा कट्टर चाहताही होता. हे संगीत लोकांना इतके का खुपते, हा प्रश्न घेऊन स्कॉट मॅकफेडियन आणि जेसिका जॉय वाइज यांच्यासह त्याने हा माहितीपट दिग्दर्शित केला.

त्याची पद्धत समजून घ्या. मानववंशशास्त्रज्ञ एखाद्या समाजात राहून, त्यांच्या जगण्यात भाग घेऊन निरीक्षण करतो. याला सहभागी निरीक्षण म्हणतात. डनने ही पद्धत आपल्याच ‘जमाती’ला लावली. तो बर्मिंगहॅमला जातो आणि जर्मनीतील वाकेन या छोट्या गावी दर उन्हाळ्यात भरणाऱ्या प्रचंड मेळाव्यातही जातो. या संगीताच्या शाखा-उपशाखांची वंशावळ तो मांडतो. डीना वाइनस्टाइन, रॉबर्ट वॉल्सर यांच्यासारख्या अभ्यासकांना तो कलाकारांइतकीच जागा देतो. स्त्रियांचे स्थान, धर्म, मृत्यू, सेन्सॉरशिप असे विषय प्रकरणवार येतात.

एक प्रसंग आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगेल. पहिले बोट आणि करंगळी उभी ठेवून केलेली शिंगांची खूण ही ‘सैतानाची खूण’ म्हणून बदनाम झालेली आहे. रॉनी जेम्स डिओ हा गायक सांगतो की त्याची इटालियन वंशाची आजी दृष्ट लागू नये म्हणून ही खूण करीत असे, आणि ती त्याने मंचावर आणली. म्हणजे टीकाकारांना जे सैतानाचे आवाहन वाटले, ते मुळात आपल्या मीठ-मोहऱ्यांच्या जातकुळीतले निघाले! अर्थात ही एका व्यक्तीची मौखिक साक्ष आहे. ‘किस’चा जीन सिमन्स यानेही या खुणेचे श्रेय स्वतःकडे घेतले आहे. मौखिक साक्ष नोंदवावी, पण दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहावी, हा नियम येथेही लागू होतो.

५. जवळीक आणि प्रामाणिकपणा : नॉर्वेचा प्रश्न

आतल्या माणसाला दारे लवकर उघडतात. पण त्याला आपल्या माणसांचे दोष दिसतात का? या माहितीपटाची खरी कसोटी नॉर्वेत लागते. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील ‘ब्लॅक मेटल’ वर्तुळातील काही तरुणांनी जुनी लाकडी चर्चे जाळली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळील फँटॉफ्टचे ऐतिहासिक चर्च आगीत नष्ट झाले. १९९३ मध्ये याच वर्तुळातील एकाने दुसऱ्याचा खून केला.

‘हे संगीत निरुपद्रवी आहे’ एवढेच सिद्ध करायचे असते, तर डनला हा भाग वगळता आला असता. त्याने तो ठेवला. गाल या नावाने ओळखला जाणारा गायक कॅमेऱ्यासमोर चर्च जाळण्याचे उघड समर्थन करतो आणि ते जसेच्या तसे दिसते. प्रेक्षक अस्वस्थ होतो. चाहत्यांवर सरसकट आरोप करणे चूक, तसेच सर्वांना सरसकट निर्दोष ठरवणेही चूक, हे त्यातून कळते. वेस्ट मेम्फिसमध्ये पुरावा नसताना आवडीवरून दोष लावला गेला. नॉर्वेत गुन्हे प्रत्यक्ष घडले आणि ते ठरावीक व्यक्तींनी केले. इतिहासकाराने हा फरक कधीही पुसू देऊ नये.

६. दुसरा प्रवास आणि मुंबई

पहिल्या माहितीपटाची एक मर्यादा स्पष्ट आहे : तो जवळजवळ पूर्णपणे उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपात फिरतो. डन आणि मॅकफेडियन यांनी २००८ च्या ‘ग्लोबल मेटल’मध्ये ती ओलांडली. त्यात ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्रायल यांच्याबरोबर भारत आणि मुंबईही आहे.

ब्राझीलचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी १९८५ मध्ये ‘रॉक इन रिओ’ हा महोत्सव चालू असतानाच, १५ तारखेला, दोन दशकांच्या लष्करी राजवटीनंतरचा पहिला नागरी अध्यक्ष निवडला गेला. तेथील तरुणांसाठी मोठा आवाज आणि मोकळा श्वास एकाच आठवड्यात आले.

मुंबईतील चित्र वेगळे होते. सेंट झेवियर्स महाविद्यालयाशेजारच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या मैफली होत. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे हे खुले नाट्यगृह अशा कार्यक्रमांना बंद झाले. परदेशी अल्बम मिळणे कठीण असलेल्या त्या काळात कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेणे हीच वितरणव्यवस्था होती. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि पुढे इंटरनेट. १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ने बंगळुरूत मैफल केली, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातून चाहते गोळा झाले. भारतात हे संगीत कारखान्यातल्या कामगारांकडून आलेले नाही. ते मुख्यतः शहरी, इंग्रजी शिकलेल्या महाविद्यालयीन तरुणांमधून वाढले. एकच संगीत वेगवेगळ्या समाजात वेगळ्या वर्गाचे होते, हे विसरू नका.

सारांश

माहितीपट वाचताना चार प्रश्न विचारा. कॅमेरा धरणारा आतला की बाहेरचा? बोलणाऱ्याला विचार मांडायला वेळ मिळाला का? गैरसोयीचा भाग ठेवला की वगळला? आणि कोणता प्रदेश, कोणता वर्ग चौकटीबाहेर राहिला? बाहेरचा कॅमेरा थट्टा करू शकतो, तसाच अन्यायही उजेडात आणू शकतो. आतला कॅमेरा समजून घेतो, पण आंधळी माया करू शकतो. कोणताही एक पुरेसा नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

स्वाध्याय

१. नैतिक घबराट म्हणजे काय? १९८५ ची सुनावणी आणि वेस्ट मेम्फिसचा खटला यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘हेवी मेटल पार्किंग लॉट’ आणि ‘मेटल : अ हेडबॅंगर्स जर्नी’ यांची साधन म्हणून तुलना करा.

३. सहभागी निरीक्षणाचे फायदे आणि धोके नॉर्वेच्या उदाहरणावरून लिहा.

४. उपक्रम : तुमच्या गावात किंवा महाविद्यालयात ज्यांच्याकडे लोक संशयाने पाहतात, असा तरुणांचा एखादा गट निवडा. मग तो ढोल-ताशा पथकाचा असो, डीजेसमोर नाचणाऱ्यांचा असो की रॅप करणाऱ्यांचा. त्यांपैकी दोघांची संमती घेऊन मुलाखत घ्या. त्यांच्याविषयी गावात काय बोलले जाते तेही नोंदवा. दोन्ही नोंदी शेजारी मांडा आणि त्या कोठे जुळत नाहीत ते एका पानात लिहा.