बॅटरी उतरली

परवा संध्याकाळी लाईट गेले आणि त्याच क्षणी माझा लॅपटॉपही काळा पडला. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रात मिनिटापूर्वीच ६२ टक्के पाहिले होते. दीड तास टंकलेलं सगळं गेलं, कारण सेव्ह करायचं राहिलं होतं. जन्मभर मुलांना 'वही तपासून दे' म्हणणाऱ्या मास्तराची ही गत!

टंकत काय होतो ते सांगतो. माझी आत्या आता त्र्याण्णव वर्षांची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती आणि आतोबा पाटणला राहत होते. त्या पहाटेबद्दल ती कधी फारसं बोलली नव्हती. त्या दिवशी दुपारी फोनवर आपणहून सांगायला लागली. मागची भिंत बसली, सगळीकडे धुरळा, आणि हाताशी फक्त उशाजवळची बॅटरी. (आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणत, आतल्याला सेल.) सेल जुने होते. उजेड पिवळा होत होत विझत आला, पण बंद-चालू करत उजाडेपर्यंत पुरला. ऐकलेलं ताजं असतानाच लिहायला बसलो होतो.

तर मंडळी, माझ्या डोक्यात तोच प्रश्न घोळत राहिला. आतोबांची बॅटरी सांगून-सवरून गेली, माझी न सांगता का गेली?

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, विज्ञान कधीच नाही. पण इतिहास म्हटला की उत्साह येतो. सुरुवात व्होल्टापासून. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड, अशी चळत रचून त्याने सलग वाहणारी वीज मिळवली आणि १८०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. टॉर्चचा सेल हा त्याचाच दूरचा वंशज. त्याचं डबडं जस्ताचं, आत काळा मसाला. काम करता करता जस्त झिजतं, मसाला संपत जातो, तसतसा दाब हळूहळू उतरतो. म्हणून उजेड आधी पिवळा, मग तांबूस. आम्ही तर उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी दोन दिवस चालवत असू.

लॅपटॉपमधल्या लिथियमची कुळकथा वेगळी आहे, आणि ती आगीची आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची बॅटरी केली. ती इतक्यांदा पेटली की आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून घेऊ, असा दम अग्निशामक दलाने दिला म्हणे. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टचं ऑक्साइड वापरून तिचा दाब जवळजवळ दुप्पट केला. तेव्हा ते अठ्ठावन्नाच्या घरात होते. आमच्याकडे त्या वयात शिक्षकाला नारळ देतात! पुढे जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ च्या सुमारास शुद्ध लिथियम धातू काढूनच टाकला. आपल्या बॅटरीवर त्यांनी लोखंडाचा मोठा तुकडा टाकून पाहिला, काही झालं नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तोच प्रयोग केला तर मोठा स्फोट झाला. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. २०२३ मध्ये, शंभरी पुरी करून ते गेले.

तरी आगीचं भय पुरतं गेलं नाही. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या डेलला परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणूनच या बॅटरीत सेलांवर पहारा करणारं एक छोटं सर्किट असतं. या सेलचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे टक्केवारी हा हिशेबाने बांधलेला अंदाज असतो. सेल म्हातारे झाले की आतला अडथळा वाढतो. लाईट गेल्यावर सगळा भार अचानक त्यांच्यावर पडतो, दाब खाली येतो, आणि धोका नको म्हणून सर्किट दोर कापून टाकतं. माझ्याकडे हेच झालं, असं नातवाचं म्हणणं. त्याने मागचं झाकण उघडलं तर बॅटरी पापडासारखी फुगलेली. "आजोबा, हिला टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, कचऱ्यात तर मुळीच टाकायचं नाही." ती आता पत्र्याच्या डब्यात, गच्चीत, ई-कचरावाल्याची वाट बघते आहे. टचपॅड महिनाभर वर उचललेला दिसत होता. म्हणजे सांगितलं होतं तिने. मलाच कळलं नाही.

असो. काल पुन्हा आत्याला फोन केला. म्हटलं, "आत्या, ती भूकंपाची हकीकत पुन्हा सांगशील?"

"अरे, परवाच तर सांगितली."

"लिहिलेलं पुसलं गेलं गं."

तिने सांगितली. पण या वेळी बॅटरी आतोबांच्या हातात नव्हती, तिच्याच हातात होती, आणि आतोबा भिंतीखाली अडकलेल्या शेजारणीला ओढत होते. परवा शेजारणीचं नावही काढलं नव्हतं. ती वाचली का, असं विचारलं, तर बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "ते उद्या सांगते."

आज दुपारी तीनला फोन करायचा आहे. वही आणि दोन पेनं काढून ठेवली आहेत.