काकतालीय

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण सहज म्हणून जातो. पण एका पहाटे माझ्या आईला मागील दारी तिचा भाऊ उभा दिसला, आणि दुपारी तार आली की मामा त्याच पहाटे नागपुरास वारले. तेव्हापासून आमच्या घरात ही म्हण कोणी उच्चारली नाही.

पुढे वाचनात आले की, नेमक्या अशाच भासांचा हिशेब विलायतेत मांडला गेला होता. १८८२ साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक हे तिचे पहिले अध्यक्ष. १८८९ पासून या मंडळींनी १७,००० माणसांना विचारले : पूर्ण जागेपणी, समोर कोणी नसताना, तुम्हांला कधी कोणी दिसले वा कोणाचा आवाज ऐकू आला काय? सुमारे दहांतील एक जण ‘होय’ म्हणाला.

१८९४ च्या अहवालातील गणित असे : मृत्युमान पाहता एखादे माणूस ठराविक दिवशीच मरण्याचा संभव १९,००० त एक. परंतु ओळखीचे माणूस दिसावे आणि ते बारा तासांच्या मागेपुढे गेलेले असावे, हे प्रमाण भरले ४३ त एक! न जुळलेले भास माणूस विसरून जातो हे जाणून त्यांनी त्यांची संख्या सुमारे चौपट धरली होती, तरीही.

मग संशय उरला कोठे? टेलर इन्स या स्कॉटिश कायदेपंडिताने १८८७ सालीच या मंडळींच्या आधीच्या ग्रंथावर बोट ठेवले होते : बातमी येण्यापूर्वी लिहिलेली पत्रे दाखवा. ती बहुतेकांपाशी नव्हती. पुढे कार्ल युंगने अशा योगांना ‘सिंक्रोनिसिटी’ हे नाव दिले. कार्यकारण नाही, पण अर्थ आहे, असा त्याचा भाव. नाव मिळाले, कागद मात्र मिळाला नाही.

हे सारे वाचून मी एकदा आईला विचारले, “तार येण्यापूर्वी तू हे कोणाला सांगितले होतेस का ग?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नाही रे. अशुभ तोंडातून काढू नये म्हणून मुद्दामच बोलले नाही.”

शास्त्राला हवा असलेला पुरावा तिने मायेपोटी गिळून टाकला होता. मी पुन्हा विचारले नाही.