अवकाळी हवा, रानकोंबडा आणि शिकारीचे बदललेले गणित

मार्च-एप्रिलमध्ये पेण आणि रोहा तालुक्यांवर एखाद्या संध्याकाळी अचानक ढग दाटून येतात, वारा सुटतो आणि अवकाळी सरी कोसळतात. आंब्याच्या बागाईतदाराला मोहराची आणि बाळकैऱ्यांची काळजी लागते, वीटभट्टीवाल्याची कच्ची वीट विरघळते आणि खळ्यात वाल झोडपणाऱ्याची धावपळ उडते. अशा हवेचे स्वागत करणारा एक माणूस मात्र एके काळी या भागात होता. तो म्हणजे रानकोंबड्याचा शिकारी. कोरड्या दिवशी दहा पावलेही जवळ येऊ न देणारा हा चाणाक्ष पक्षी पावसाने ओलावलेल्या रानात तुलनेने सहज गवसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

भारतात रानकोंबड्याची शिकार आज पूर्णपणे बेकायदा आहे. तरीही या शिकारीमागचे ज्ञान, तिला आवर घालणारे कायदे आणि तिच्यावर काही अंशी पोट भरणारी माणसे यांचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. वसंतातील खराब हवा शिकाऱ्याला जितकी अनुकूल, तितकीच ती पक्ष्याच्या विणीला घातक असते, हे या इतिहासाचे सार आहे.

कोंबड्यांचा रानटी आप्त

सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा हा केवळ भारतीय द्वीपकल्पात आढळणारा पक्षी आहे. वायव्येस अबूच्या डोंगरापासून दक्षिणेस थेट केरळ-तामिळनाडूपर्यंत त्याचा वावर आहे. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील जंगलांत तांबडा रानकोंबडा दिसतो. कोकणात आणि घाटात मात्र राखी रानकोंबड्याचेच राज्य असते. नराच्या मानेवरील काळसर पिसांवर पिवळसर-पांढरे, लाखेसारखे चकचकीत ठिपके असतात आणि शेपटी कमानदार, काळी असते. मादी आकाराने लहान, तपकिरी रंगाची आणि पांढुरक्या, खवल्यांसारखी नक्षी असलेल्या छातीची असते. जमिनीवर बसली की ती पालापाचोळ्यात मिसळून जाते.

घरगुती कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा मानला जातो. तथापि घरगुती कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीला कारणीभूत असलेले जनुक राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासातून दिसून आले. बाजारातल्या कोंबडीत सह्याद्रीच्या या रहिवाशाचा थोडासा वारसा आहे, असे म्हणता येते.

पेणच्या पूर्वेकडील डोंगरउतार, रोह्यालगतच्या अवचितगडाच्या परिसरातील दाट झाडी, कुंडलिकेच्या खोऱ्यातील ओहोळ आणि रोहा-मुरूड सीमेवरील फणसाडचे जंगल हा या पक्ष्याला मानवणारा प्रदेश आहे. ऐन, किंजळ, साग यांची झाडी, मधून मधून बांबूची बेटे, कारवीची गचपणे आणि रानालगत भाताची खाचरे एवढे त्याला पुरते. कारवी किंवा बांबू बीजावर आला की बियांच्या ओढीने रानकोंबडे तेथे मोठ्या संख्येने गोळा होतात.

पाऊस पडला की काय होते?

रानकोंबड्याचे संरक्षण मुख्यतः कान आणि डोळे यांवर अवलंबून असते. फेब्रुवारीपासून पानगळीच्या रानात सुकलेल्या पाल्याचा थर साचतो. त्यावर पाऊल पडताच होणारी चुरचुर पक्ष्याला दुरूनच सावध करते. पाऊस पडला की हा पाला मऊ पडतो आणि माणसाची चाहूल लागत नाही. शिवाय झाडांवरून टपटपणारे पाणी आणि वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या यांच्या आवाजात पक्ष्याला शत्रूचा कानोसा घेणे कठीण जाते. मग कानांवर विसंबता येत नाही म्हणून तो डोळ्यांचा आधार घेतो आणि गचपण सोडून मोकळ्यावर येतो. जंगलातली पायवाट, बैलगाडीची चाकोरी, कापणी झालेले खाचर, ओहोळाचा कोरडा काठ अशा जागी पाऊस थांबल्यावर रानकोंबडे पिसे वाळवताना आणि चरताना दिसतात.

मोकळ्यावर येण्याचे आणखी एक कारण म्हणजे खाद्य. पहिल्या सरींनंतर वारुळांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. भिजलेली माती भुसभुशीत होते आणि किडे-अळ्या वर येतात. पिल्लांच्या वाढीसाठी असे प्रथिनयुक्त खाद्य अत्यावश्यक असते, त्यामुळे पिल्ले घेऊन हिंडणारी मादीही या वेळी उघड्यावर येते.

वाऱ्याचा परिणाम वेगळा असतो. जोराचा वारा सुटला की हे पक्षी डोंगराच्या आडोशाच्या अंगाला, घळीत किंवा ओहोळात उतरतात. ढगाळ, अंधारलेल्या पहाटे ते झाडावरील रात्रीचा मुक्काम उशिरा सोडतात. एरवी उजाडताना दूरवर ऐकू येणारी नराची तुटक, घोगरी बांग वाऱ्यात विरून जाते. पाऊस उघडल्यावर मात्र ती पुन्हा सुरू होते. प्रत्यक्ष पावसाळ्यात नर बहुतांशी मौन पाळतो. त्या सुमारास त्याच्या मानेची शोभिवंत पिसे गळून जातात आणि तात्पुरती साधी पिसे येतात.

खराब हवा शिकाऱ्याच्याही मुळावर येई, हे येथे नमूद केले पाहिजे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुका बाळगण्याची पद्धत होती. पावसात तिची दारू सर्दली की बार फुसका जाई. बेचकी, गलोल, धनुष्यबाण आणि फास यांना ही अडचण नव्हती. त्यामुळे ओल्या हवेत बंदूकवाल्यापेक्षा अनवाणी चालणारा, रानाचा जाणकार आदिवासी अधिक यशस्वी ठरत असे.

टर्कीचा दाखला

हवेचे हेच गणित जगाच्या दुसऱ्या टोकालाही आढळते. अमेरिकेतील रानटी टर्की हा रानकोंबड्याच्याच कुळातील, पण कितीतरी मोठा पक्षी. वसंत ऋतूत त्याच्या शिकारीचा हंगाम असतो. तेथील वसंतात अचानक गारठा, गार वारा आणि पाऊसही असतो. थंडीत आणि वाऱ्यात टर्कीचे नर कमी ओरडतात, पावसात कुरणांसारख्या मोकळ्या जागी येतात आणि वाऱ्याच्या वेळी आडोशाच्या दऱ्यांत उतरतात. म्हणूनच खराब हवेत घरी न बसता कुरणाच्या कडेला दबा धरून बसावे, असे तेथील जुने शिकारी सांगतात.

फरक आहे तो व्यवस्थेत. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी टर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पुढे शिकारीवर कडक मर्यादा आल्या. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पकडलेले पक्षी नव्या जंगलांत सोडण्यात आले आणि संख्या पुन्हा वाढली. वसंतातील हंगामात साधारणपणे केवळ नरांनाच मारण्याची परवानगी असते. अंडी उबवणाऱ्या माद्यांना अभय मिळते. परवाना, ठरावीक संख्या आणि नर-मादीतील भेद या तीन गोष्टींवर ती पद्धत उभी आहे.

विणीचा हंगाम आणि बंदीचा काळ

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. राखी रानकोंबड्याची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात होते. मादी जमिनीवरच्या उथळ खळग्यात, पाल्याच्या आधाराने साधारण चार ते सात अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच ती उबवते. पिल्ले अंड्यातून बाहेर येताच चालू लागतात. परंतु पहिले काही दिवस त्यांना स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पाऊस आला की मादी त्यांना पंखांखाली घेते. त्याच वेळी माणूस किंवा कुत्रा जवळ आल्याने ती उडाली, तर भिजलेली पिल्ले गारठून मरतात. अवकाळी पावसातील शिकार त्यामुळे केवळ एका पक्ष्यापुरती मर्यादित राहत नाही. एका गोळीत किंवा एका फासात अख्खी वीण जाते.

ब्रिटिश अमलात या धोक्याची जाणीव झाली होती. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने विणीच्या काळात शिकारीला बंदी घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन काही प्राणी-पक्ष्यांची शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली आणि शिकारीचा हंगाम ही कल्पनाच संपुष्टात आली. या कायद्यातील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्याला मारणेच नव्हे, तर पकडणे, फास लावणे, आमिष दाखवणे, अंड्यांची नासधूस करणे किंवा घरटे विस्कटणे हीसुद्धा शिकारच ठरते. २०२२ साली संसदेने संमत केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिने कायद्यातील परिशिष्टांची फेररचना केली.

या पक्ष्याला मांसाखेरीज आणखी एका कारणाने मरण आले. नराच्या मानेवरील ठिपकेदार पिसांना ब्रिटनमध्ये सामन माशाच्या गळासाठी बनवल्या जाणाऱ्या कृत्रिम माश्यांकरिता मोठी मागणी होती. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पिसांच्या निर्यातीवर बंदी आणली आणि १९२१ साली ब्रिटिश संसदेने पिसांच्या आयातीला आळा घालणारा कायदा केला. आज तिकडे या कामासाठी पाळीव अवस्थेत वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसे वापरली जातात.

नवाबाचे रान आणि कातकऱ्यांची चूल

रोह्याच्या पश्चिमेकडील फणसाडचे जंगल हे जंजिऱ्याच्या नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते. सामान्य माणसाला तेथे मज्जाव असल्याने ते टिकून राहिले. १९८६ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पेणच्या उत्तरेस, पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्य त्याआधीच, १९६८ मध्ये स्थापन झाले होते. संस्थानिकाच्या शिकारीची हौस आणि आजचे संवर्धन यांचा असा संबंध देशात अनेक ठिकाणी दिसतो.

कातकऱ्यांचे नाते मात्र हौसेचे नव्हते. कात तयार करण्याच्या व्यवसायावरून नाव पडलेली ही जमात महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. पेण आणि रोहा तालुक्यांत त्यांच्या अनेक वाड्या आहेत. पावसाळा संपला की यातील बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात. भट्टीचे काम संपल्यावर आणि भातलावणी सुरू होण्यापूर्वी येणारा काळ हाताला काम नसण्याचा. खेकडे, वलगणीचे मासे, कंदमुळे, रानभाज्या आणि कधी लावा, तितर, चकोत्री वा रानकोंबडा यांवर हे दिवस निघत. नवाबाला शिकारीने करमणूक दिली. कातकऱ्याच्या घरात तिने कालवण दिले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमीन, गौण वनोपज आणि इतर पारंपरिक वापराचे हक्क मान्य केले. मात्र शिकारीचा व प्राणी पकडण्याचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळण्यात आला. पक्ष्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु टंचाईच्या महिन्यांत रोजगार हमीचे काम आणि रेशनचे धान्य वेळेवर मिळाले, तरच ही बंदी न्याय्य ठरते, हेही तितकेच खरे.

आजचे धोके

बंदुकीचा धोका कमी झाला असला, तरी रानकोंबड्याचे संकट टळलेले नाही. रायगडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे पेटतात. गवत चांगले उगवावे या समजुतीने किंवा निष्काळजीपणाने लावलेली आग नेमकी विणीच्या महिन्यांत जमिनीवरची घरटी भस्मसात करते. गावांलगतची मोकाट कुत्री पिल्लांचा माग काढतात. फार्म हाऊस, रस्ते आणि औद्योगिक वसाहती यांनी रान तुकड्यातुकड्यांत विभागले आहे.

त्यात हवामानाची भर पडली आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यात असंख्य वृक्ष उन्मळून पाडले. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. ही मुंबईतील मोसमी आगमनाची नोंदलेली सर्वांत लवकरची तारीख होय. एरवी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येणारा पाऊस मे महिन्यात आला, तर उशिरा घातलेली अंडी आणि पंख न फुटलेली पिल्ले त्याच्या तडाख्यात सापडू शकतात.

शिकाऱ्याच्या ज्ञानाचा नवा उपयोग

सलीम अली यांनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याने त्यांचे कुतूहल चाळवले आणि ती ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचले. पुढे १९३० मध्ये पेणला लागूनच असलेल्या अलिबाग तालुक्यातील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला आणि तो गाजला. शिकाऱ्याची नजर निरीक्षकाची नजर कशी होऊ शकते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

पेण-रोह्याच्या वाड्यांवरील वृद्धांकडे कोणत्या वाऱ्यात पक्षी कोणत्या घळीत उतरतो, पाऊस थांबल्यावर तो कोणत्या वाटेवर येतो, याचे बारकावे आजही आहेत. पक्षिगणना, वणवा नियंत्रण आणि अभयारण्यातील वाटाड्यांचे प्रशिक्षण यांत या माहितीचा उपयोग होऊ शकतो आणि त्यातून रोजगारही मिळू शकतो. पक्षी पाहायला जाणाऱ्या शहरी हौशी मंडळींनीही एक पथ्य पाळायला हवे. अवकाळी पावसानंतर वाटेवर पिल्लांसह मादी दिसली, तर दुरूनच पाहून मागे फिरावे. छायाचित्रासाठी तिला उठवले, तर पिल्लांच्या दृष्टीने कॅमेरा आणि बंदूक यांत फारसा फरक उरत नाही.