काशीबाईची विहीर आणि आपली परळी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु श्रावणात कीर्तनाला कुंतीचे आख्यान लागले होते. बुवांनी कर्णाची पेटी नदीत सोडण्याचा प्रसंग असा रंगविला की साऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. घरी येताना मनात आले, पुराणातल्या कुंतीसाठी आपण रडतो. खऱ्या कुंतीला आपण काय दिले?

अशी एक खरी बाई पुण्यात होऊन गेली. नाव काशीबाई. तरुण ब्राह्मण विधवा, एका घरी स्वयंपाकाला होती. फसली, दिवस गेले. मूल झाल्यावर लोकलज्जेने तिने त्याचा जीव घेतला आणि त्याला विहिरीत टाकले. सरकारने तिला जन्मठेप देऊन काळ्या पाण्यावर अंदमानला धाडले. त्या मुलाला बाप होताच की! पण शिक्षा भोगली तिने एकटीने.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना ही गोष्ट फार लागली. त्यांनी १८६३ मध्ये आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि शहरात जाहिराती लावल्या की, विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे ही त्यांची खुशी. कोणाचे, कसे, हे विचारणे नाही. मला यातले हे न विचारणेच सर्वांत मोठे वाटते. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहून ठेवले आहे की, तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या, पण त्यांतली पाचच मुले जगली. बाकीची, आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच अधू झालेली होती. म्हणजे दार उघडले तरी बाया भीत भीत, उशिरा येत. अशाच एका विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेला उभा राहिला.

पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला याच गुन्ह्यासाठी आधी फाशी सुनावली गेली. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' छापून पुरुषांना सडेतोड जाब विचारला.

आता आपल्याकडे पाहू. पोटातले मूल मुलगा की मुलगी हे पाहण्याला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १८८८ नव्हे, १९८८ मध्ये! तरी २०११ च्या शिरगणतीत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८०७ भरल्या, राज्यात सर्वांत कमी. २०१२ च्या मे महिन्यात याच परळीत, वैद्यांचा नाथ जेथे बसला आहे तेथे, एका दवाखान्यात गर्भपात करताना एक बाई दगावली. २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टर नवराबायकोला दहा वर्षांची शिक्षा दिली.

काशीबाईच्या मुलाला बापाचे नाव मिळणार नव्हते. या मुलींना बापाचे नाव होते, आजी होती, घर होते, शेत होते.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझ्या धाकट्या जावेला दोन मुली. तिसऱ्या वेळी घरच्यांनी तिला परगावी न्यायला मलाच धाडले. मी बाहेर बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले. परतताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून होती. मी काही विचारले नाही. पण माझे न विचारणे फुल्यांसारखे नव्हते.

हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखविला. तिनेच छापा म्हटले. मग जरा वेळाने म्हणाली, "अक्का, त्या दिवशी कोणी नको जाऊ म्हणाले असते, तर मी गेले नसते." आणि परात ओढून पीठ मळायला बसली.