देवगावचा तह

देवगावचा तह : नागपूरचे सेनासाहेब सुभा दुसरे रघूजी भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १७ डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील देवगाव येथे झालेला तह. असई (२३ सप्टेंबर) व अडगाव (२९ नोव्हेंबर) येथील पराभवांमागोमाग १५ डिसेंबरला गाविलगडही पडल्यामुळे, रघूजींचे वकील यशवंतराव रामचंद्र यांना कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याच्या छावणीत घासाघीस करण्यास फारसा वाव उरला नव्हता.

बालासोरसह कटकचा जो प्रांत १७५१ पासून भोसल्यांकडे होता, आणि ज्याच्यामुळे कंपनीच्या बंगाल व मद्रास इलाख्यांमधील किनारा आजवर खंडित राहिला होता, तो या तहाने कंपनीकडे गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्कही भोसल्यांनी सोडला. तेथे दीर्घकाळ दोअमली चालत असे, म्हणजे एकाच मुलखातून निजाम व भोसले या दोघांचे अंमलदार आपापला वाटा वसूल करीत. आता निजाम, ज्याने या युद्धात स्वतः फारसे काही जिंकले नव्हते, तो कंपनीच्या कृपेने संपूर्ण महसुलाचा धनी झाला. रघूजींकडे पश्चिमेस उरले ते नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्याभोवतालचा चार लक्ष रुपये उत्पन्नाचा प्रदेश. निजाम वा पेशवे यांच्याशी तंटा उद्भवल्यास मध्यस्थी कंपनीने करावयाची, असेही ठरले.

भोसल्यांच्या मांडलिकांशी कंपनीने युद्धकाळात केलेले करार मान्य करण्याविषयीचे कलम मात्र सर्वांत कुटिल म्हटले पाहिजे. कारण त्या मांडलिकांची यादी तहावर सही झाल्यानंतर, गव्हर्नर जनरलची मंजुरी आल्यावर द्यावयाची होती. संबळपूर व पाटणा ही संस्थाने आपल्या हातून निसटल्याचे उमगताच रघूजींनी जी तक्रार आरंभली, ती १८०६ मध्ये हा प्रदेश परत मिळेपर्यंत चालली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०४ मध्ये रेसिडेंट म्हणून नागपुरास आला. परंतु तैनाती फौजेचे जोखड या तहात नव्हते आणि रघूजींनी ते हयातभर टाळले, ही गोष्ट त्यांच्या पराभवाचे वर्णन करताना बहुधा विसरली जाते. मार्च १८१६ मध्ये ते निवर्तले. २७ मे रोजी त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी तैनाती तह केला, आणि पुढील वर्षीच्या सीताबर्डीच्या लढाईनंतर गाविलगडही भोसल्यांना सोडावा लागला.