व्हिडिओ कला (मुंबई)

फिरती प्रतिमा हेच माध्यम मानणारी दृश्यकला. मुंबईतील तिचा उगम चित्रकार अकबर पदमसी यांच्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये सापडतो. नेहरू फेलोशिपच्या पैशातून 1969 मध्ये त्यांनी ही कार्यशाळा उभारली. चित्रकार आणि छायाचित्रकार तिथे एकत्र प्रयोग करीत. पदमसींच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या चित्रपटाची एकमेव प्रत पुढे गहाळ झाली. जपणुकीची हेळसांड हे या कलेचे जुनेच दुखणे.

याच कार्यशाळेतील नलिनी मलानी यांनी लेखक मंटो यांची फाळणीकथा आणि पोखरणचे अणुस्फोट जोडून 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' (1998) ही व्हिडिओ-मांडणी रचली. त्यात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये टीव्ही होते!

जपणुकीच्या बाबतीत मात्र 2008 पासून 'पॅड.मा' हा ऑनलाइन संग्रह न वापरलेले चित्रणही जपतो.